खळ्यातला फ्लॅट

शहापूरच्या एका खासगी लॅबमध्ये मी रक्त तपासायचं काम करत होते. घर किन्हवलीजवळच्या गावात. घरात सासू-सासरे, नवरा, मी आणि दुसरीत शिकणारी मुलगी. नवरा वायरमन. गावात कुणाची लाइट गेली की त्याला फोन, कुणाला ताप आला की मला.

हिवाळ्यात पुण्याच्या एका मोठ्या लॅबमधून मला नोकरीसाठी बोलावणं आलं. काम आवडीचं, शिकायलाही मिळणार होतं. तिथल्या ओळखीच्या एका बाईंनी भाड्याचा फ्लॅटसुद्धा बघून ठेवला आणि त्याचा नकाशा मोबाइलवर पाठवला. घरी विषय कसा काढायचा, याचं भाषण मी मनातल्या मनात कितीतरी दिवस घोकत होते. शेवटी शनिवारी जेवताना काहीच सुचेना, म्हणून सासऱ्यांच्या हातात मोबाइलच दिला.

त्यांनी तो लांब धरला, मग जवळ आणला, मग उलटा केला.

"हॉल दहा बाय चौदा हाय बाबा," नवरा म्हणाला.

"दहा काय? हात का फूट?"

"फूट."

सासरे घास हातात धरून विचारात पडले. "आपला गोठा याच्यापेक्षा मोठा हाय. आणि त्याच्यात दोघीच राहतात."

दोघी म्हणजे म्हशी.

"पण लोक राहतात ना बाबा तिथं," मी म्हणाले.

"लोकांचं काय सांगतेस गो? आपल्याला जमतंय का ते बघाया पायजे. उद्या रविवार हाय. आखूनच बघू."

मला वाटलं, चेष्टा करतायत. सकाळी उठून बाहेर आले तर सासरे खळ्यात वाकून उभे. भात झोडून झालेलं होतं, खळं मोकळंच होतं. गावातल्या क्रिकेटच्या सामन्यांतून उरलेली रेघा मारायची पांढरी फक्की त्यांनी कुठूनशी मागून आणली होती, आणि पावलाला पाऊल लावून ते हॉल मोजत होते.

"बाबा, वहाणेसकट तुमचं पाऊल फुटापेक्षा मोठं हाय," नवरा म्हणाला.

"मग आपला हॉल मोठा होतोय. तुला काय तरास?"

शेवटी टेप आली आणि हॉल लहान झाला. आठ वाजेपर्यंत खळ्यात पांढऱ्या रेघांचा फ्लॅट तयार होता. नवऱ्याने धंद्याला जागून जिथे जिथे बटणं यायची तिथे काटक्या रोवल्या. सासऱ्यांनी नियम सांगितला : संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी इथेच राहायचं, आणि भिंतीतून कुणी जायचं नाही.

पहिली भिंत कोंबड्यांनी ओलांडली. सासरे काठी घेऊन त्यांना दारातून परत आणायला बघत होते, पण कोंबड्यांना दार दिसत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या चुलत सासूबाई विरजण मागायला आल्या आणि थेट बाथरूममधून घुसल्या. तिथे आमची मुलगी उभी होती, अंगात स्वेटर, डोक्यात टोपी.

"आजी, बाहेर जा! मी आंघोळ करतेय!"

चुलत सासूबाई घाबरून मागे सरल्या. "काय झालंय गो हिला?"

"तुमी तिकडून फिरून दारात या, वैनी," सासरे म्हणाले. "आणि बेल वाजवा."

त्या बिचाऱ्या फिरून आल्या. "टिंग टाँग."

"कोण हाय?"

"मी हाय की! समोर तर उभी हाय!"

"दार बंद हाय. दिसत नाय."

विरजण न घेताच त्या गेल्या, आणि अर्ध्या तासात निम्मं गाव बांधावर येऊन बसलं.

सासूबाईंचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी केरसुणी घेतली, हॉल झाडला, स्वयंपाकघर झाडलं, आतली खोली झाडली आणि कंबर धरून उभ्या राहिल्या.

"संपलं?"

"संपलं," मी म्हणाले.

"म्हणजे अंगण नाय? पडवी नाय? गोठा?"

"नाय आई. एवढंच."

एरवी घर, अंगण आणि गोठा झाडता झाडता त्यांची दुपार व्हायची. त्या हळूच हॉलमधल्या खुर्चीत बसल्या. पाय पसरले. माझं लग्न झाल्यापासून सकाळच्या त्या वेळेला त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"मी चालले पुण्याला," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांच्या हातातली काठी खाली आली. "आणि म्हशी?"

"तुमी हायात ना."

"माझं जेवण?"

"वैनी देतील. त्यांना नीट बेल वाजवाया शिकवलीत, आता तुमी त्यांच्याकडे जाऊन वाजवा."

बांधावरची माणसं खो खो हसली. सासरे चिडून फ्लॅटला नावं ठेवायला लागले. भिंती पातळ आहेत, बाहेरचे आत बघतात, ऊन फार येतं. नेमकी तेव्हाच थोरली म्हैस पाणी प्यायला म्हणून आली, हॉलमधून शांतपणे आतल्या खोलीत गेली आणि तिथे शेण टाकून पुढे निघाली.

"बघा! बघा!" सासरे ओरडले. "असं असतंय!"

"पुण्याला ही येणार नाय," सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या.

तिथेच सगळं ठरलं. माझं घोकलेलं भाषण कुणी ऐकलंच नाही. स्वयंपाकघरात उभी राहून मी इतकी हसत होते की दोनदा भिंतीबाहेर गेले.

मुलीचं दुसरीचं वर्ष संपल्यावर मे महिन्यात आम्ही गेलो. नवऱ्याला तिथे आठवड्याभरात कामं मिळायला लागली. सासूबाई घर झाडून झालं की खाली बाकावर जाऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवलात का विचारतात. पहिल्यांदा लोक दचकायचे, आता उत्तर देतात.

सासरे शेतीसाठी मागे राहिले. भात झोडून झाल्यावर नव्या तांदळाचं पोतं घेऊन दोन दिवसांसाठी म्हणून आले, आणि त्यांना लिफ्टचा शोध लागला. आता ते कोथिंबीर आणायला वेगळे खाली जातात आणि मिरच्या आणायला वेगळे. गावाकडे म्हशी सांभाळणारे चुलत दीर रोज फोन करून विचारतात, "काका, कधी येताय?"

"आता वर चाललोय रे," सासरे सांगतात. "खाली आलो की बघू."