मिनिटाला चौदा थेंब

सलाईनचा थेंब नळीच्या तोंडाशी फुगतो, लोंबतो आणि पडायला जिवावर आल्यासारखा रेंगाळतो. आईच्या खाटेशी बसून मी तेवढंच बघते आहे. अर्धा लिटर, बारा तास, म्हणजे मिनिटाला चौदा थेंब. नर्स आहे मी. हा हिशेब रजेवरही डोक्यातून जात नाही.

"अगं, तुला येतं ना हे सगळं? मग कर की जरा जोरात," आई म्हणते. "लवकर संपेल, घरी जाऊ."

नळीवरचं चाक माझ्या हाताशी आहे. अंगठ्याने जरासं सरकवलं की झालं. पण तिचं हृदय थकलंय. पाणी भराभर गेलं तर छातीत साचेल, धाप लागेल. शेजारच्या पेशंटची बहीण खुशाल डुलक्या काढते आहे. तिला बाटली म्हणजे नुसती बाटली. सुई आईच्या हातात आहे, आणि हलता येत नाही ते मला.

"नाही गं आई, एवढंच ठेवायचंय."

"वॉर्डात सगळ्यांचं करतेस. माझंच तेवढं नको."

ती तोंड फिरवते. मी घड्याळ समोर धरून पुन्हा थेंब मोजू लागते. तिच्याकडे बघितलं, तर हात चाकाकडे जाईल.