उतरत्या भावाची गोळी

"ताजी हाय ना?" असं विचारत मावशी आधी अंगठ्याने गोळी दाबून बघायची. डहाणूतल्या माझ्या औषधाच्या दुकानात असं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं.

मावशी शेजारच्या धाकट्या डहाणू गावची मासळीवाली. मासा दाबला आणि खड्डा तसाच राहिला तर तो शिळा, हे तिचं शास्त्र. हृदयाचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी तिला कोलेस्टेरॉलची गोळी रोज घ्यायला सांगितली होती. पण महिन्याचं पाकीट ती दोन महिने पुरवायची.

"एक दिसाआड घेते. महाग पडते, भाऊ."

मी जेनेरिक काढून दिली. "आत औषध तेच, मावशी. कंपनीचं मोठं नाव नाही, म्हणून स्वस्त." पाकिटावरची बारीक अक्षरंही दाखवली. तिला वाचता येत नाही, हे मागाहून माझ्या ध्यानात आलं.

तिने ते पातळ वेष्टण दाबलं. खड्डा राहिला.

"दुपारचा माल हाय हा. सकाळचा पापलेट दुपारी निम्म्यात जातो, तो कशापायी? मला नको शिकवू!"

आता हसावं की कपाळ बडवावं? दुसऱ्या पाकिटातली गोळी फोडून दाखवली, डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. शेवटी चिडून पाकीट तिच्या टोपलीत टाकलं. "माझ्यासाठी घे."

"घेते हो."

त्यानंतर दर महिन्याला ती तेच पाकीट रोख पैसे देऊन नेऊ लागली. आपण जिंकलो म्हणून मी चार जणांत फुशारकीही मारली.

चौथ्या महिन्यात बोंबील वाळत घालताना ती कोसळली. पुन्हा उठली नाही.

तेराव्यानंतर तिची सून आली आणि चारही पाकिटं काउंटरवर ठेवली. एकही गोळी काढलेली नव्हती. प्रत्येकीच्या वेष्टणावर अंगठ्याचा खड्डा होता.

"भाऊचं मन कसं मोडू, बोलायच्या सासू. जुनी गोळी दुसऱ्या दुकानातून आणायच्या. दोन्हीकडे पैसे जायचे, मग तीच चार दिसांआड घ्यायच्या."

रोज घेतली असती तर ती वाचली असती का, ते कोण सांगणार? पण एक दिवसाआडची गोळी चार दिवसांवर नेली ती माझ्या हट्टाने, हे मला चुकवता येत नाही.

ती पाकिटं अजून खणात आहेत. "ही एवढी स्वस्त कशी हो?" असं कुणी विचारलं की मी समजावू लागतो, आणि बोलता बोलता माझाच अंगठा गोळीवर दाबला जातो.