पिकअपचा ब्रेक आणि काकांचा पाय

काकांनी पहिल्यांदा सांगितलं की पिकअपचा ब्रेक कधी कधी लागत नाही, तेव्हा मी विचारलं, "कधी कधी म्हणजे कधी?" त्यांना सांगता येईना. मला 'कधी कधी' या शब्दांचा मनापासून तिटकारा आहे. ब्रेक एक तर लागतो, नाही तर लागत नाही. कधी कधी लागते ती उचकी. हे मी त्यांना तोंडावर बोलून दाखवलं आणि आपण काय मार्मिक बोललो म्हणून दिवसभर खूश राहिलो.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आयुष्यभर गिरगावात लग्नपत्रिकांचा छापखाना चालवला. छापखाना बंद पडला, उरली ती कागदाचे गठ्ठे वाहायची निळी पिकअप. ती माझ्यापेक्षा वयाने मोठी. पंच्याहत्तरी उलटलेले काका दर रविवारी सकाळी ती काढायचे, भाऊच्या धक्क्यावर जायचे आणि वाडीतल्या सात-आठ घरांची मासळी घेऊन यायचे. कोणाकडे सरंगा, कोणाकडे बोंबील, सगळं त्यांच्या डोक्यात. आठवड्यात त्यांना कोणी विचारावं असं हे एकच काम उरलं होतं. ते गेलं तर माणूस खुर्चीत बसून राहील, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी पुढे जे केलं ते केलं.

त्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझगावच्या उतारावर पेडल थेट तळाला गेलं. काकांनी हँडब्रेक ओढून गाडी थांबवली. पाटी उलटून कोळंबी रस्त्यावर पसरली, एवढंच नुकसान. पण वाडीला विषय मिळाला. तळमजल्यावरचे निवृत्त बँकवाले, ज्यांनी जन्मात सायकलसुद्धा घेतली नाही, ते म्हणाले ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी गेलंय. समोरच्या बाई म्हणाल्या, मासळीच्या पाण्याने लोखंड सडतं. अज्ञान इतक्या आत्मविश्वासाने बोलतं की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी.

मेकॅनिक त्यांच्याहून वाईट. ग्रँट रोडच्या पहिल्याने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलचं झाकण फिरवून आत डोकावला, पेडल दाबलं आणि म्हणाला, "साब, एकदम टाइट है. गाडी नहीं, डायवर बदली करो." परळचा दुसरा टापटीप गणवेशातला. त्याच्याकडे तपासणीचं यंत्र होतं आणि ते या गाडीला लावायला जागाच नाही म्हणून तो गाडीवर नाराज होता. त्यानेही झाकण काढलं, तेल पाहिलं, पेडल दाबलं, काही सापडलं नाही. यंत्र काढून घेतलं तर या लोकांच्या डोक्यात काय उरतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. माझ्या डोक्यात काय होतं ते पुढे येईलच.

मग मी स्वतः प्रकरण हातात घेतलं. तीन रविवार काकांना शेजारी बसवून गाडी मी चालवली. मी शिस्तीचा माणूस. निघण्याआधी बॉनेट उघडायचो, झाकण काढून तेलाची पातळी बघायचो, झाकण घट्ट लावायचो, मगच स्टार्टर. तिन्ही वेळा ब्रेक उत्तम लागला. चौथ्या आणि पाचव्या रविवारी काका एकटे गेले. त्यांना कुठलं बॉनेट उघडायचं सुचतंय! पाचव्या रविवारी येताना पेडल पुन्हा खाली गेलं.

आता आणखी काय पुरावा हवा होता? माझ्या पायाखाली ब्रेक लागतो, त्यांच्या पायाखाली लागत नाही. म्हणजे दोष पायात.

"अरे, पेडल खाली जातं," काका म्हणाले. "मी दाबतो ना पूर्ण. पायाला कळतं मला."

"तेच तर काका," मी म्हणालो. "तुमच्या पायाला आता कळत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग आपल्या पायाकडे. मी त्यांना दादरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळे मिटून चालायला लावलं आणि सांगितलं, "वयाच्या मानाने ठीक आहे." मी त्यातलं 'वयाच्या मानाने' तेवढं उचललं आणि 'ठीक आहे' सोडून दिलं. येताना दादरलाच काठी घेतली. घरी आल्यावर चावी माझ्या कपाटात गेली. वाडीतल्यांना मी फोनवर मासळी मागवायला शिकवलं. प्लॅस्टिकच्या डब्यातले ते निर्जीव तुकडे आले, सगळ्यांनी नाकं मुरडली आणि सगळ्यांनी खाल्ले. काकांना कोणी काही विचारलं नाही. रविवारी सकाळी ते अंघोळ करून, शर्ट घालून गॅलरीत बसायचे.

फेब्रुवारीत मी पिकअप विकायला काढली. दोन दिवस गिऱ्हाइकांना दाखवत फिरलो. जुन्या गाड्यांच्या हौशी माणसांइतकी पोकळ जमात दुसरी नाही. रंगाबद्दल तासभर बोलतात आणि टायरखाली बघत नाहीत. त्या दोन दिवसांत मी बॉनेट उघडलं नाही. विकायच्या गाडीचं तेल कोण बघतो? तिसऱ्या दिवशी लालबागला पुलाखाली सिग्नल पडला, मी पेडल दाबलं आणि पाय तळाला टेकला. समोर केळ्यांची हातगाडी. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. माझा पाय, बावन्न वर्षांचा, रोज सकाळी चौपाटीवर चालणारा.

चौघांनी ढकलत गाडी एका चाळीच्या तळमजल्यावरच्या गॅरेजात नेली. तिथला म्हातारा फक्त ब्रेकचं काम करणारा. मी बॉनेट उघडून सवयीने झाकणाकडे हात नेला, तर तो ओरडलाच.

"हात लावू नका! आज झाकण उघडलात काय?"

"नाही."

"बरा झाला."

त्याने पेडल दोनदा दाबलं. दोन्ही वेळा तळाला. मग त्याने झाकण हळूच फिरवलं. बारीकसा सुस्कारा ऐकू आला. पुन्हा पेडल दाबलं तर ते दगडासारखं घट्ट. त्याने झाकण माझ्या नाकासमोर धरलं. मधोमध टाचणीएवढं भोक, आणि ते लाल लगद्याने बुजलेलं.

"वरसून हवा गेली नाय तर तेल खाली कसा उतरतला? झाकण काढला की हवा जाता, ब्रेक लागता. चार दिवस चालवलात की परत बोंब." त्याने सुई घेतली आणि भोक कोरायला लागला. "पूजा कोणी केल्यान?"

पूजा मी केली होती. दसऱ्याला पिकअपची पूजा वडील करायचे. ते गेल्यावर मोठा मुलगा म्हणून त्या वर्षी पहिल्यांदा माझ्याकडे आली. वडील स्टिअरिंगला हार घालून बॉनेटवर स्वस्तिक काढायचे आणि मोकळे व्हायचे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण करायचंच तर नीट करावं म्हणून मी बॉनेट उघडून इंजिनाची पूजा केली. बॅटरीला, रेडिएटरला, प्रत्येक झाकणाला बोट लावलं. कोरडं कुंकू गळून पडतं म्हणून तेलात घट्ट कालवलं होतं. काका तेव्हा म्हणाले होते, "अरे, आत कशाला?" मी हसलो होतो.

त्या म्हाताऱ्याला मी खोटं सांगितलं. म्हणालो, घरातल्या बायकांनी केली असेल. आजवर ज्यांना ज्यांना मी मूर्ख म्हटलं, त्यांतल्या कोणीही इतका हलकटपणा केला नव्हता.

गाडी विकली नाही. घरी येऊन काकांना सगळं सांगितलं, कुंकवासकट. त्यांनी काठी मांडीवर आडवी धरून ऐकलं. मला वाटलं, शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या.

"म्हणजे पाय बरा होता," ते म्हणाले.

"बराच आहे, काका. ही घ्या चावी."

"होता रे. आता नाही सांगता येत. तू सांगितल्यापासून मी जिना उतरताना प्रत्येक पायरीला पायाकडे बघतो. एवढं बघून चालणाऱ्याने गाडी चालवायची नसते."

पुष्कळ समजावलं. डॉक्टरांचा कागद दाखवला, त्यातलं 'ठीक आहे' बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांनी चावी घेतली नाही. शेवटी रविवारी मी गाडी काढली आणि त्यांना शेजारी बसवून धक्क्याकडे निघालो. वाटेत प्रत्येक सिग्नलला माझ्या आधी त्यांचा उजवा पाय रिकाम्या पत्र्यावर दाबला जात होता. एकदाही चुकला नाही, एकदाही उशीर झाला नाही. डोंगरीच्या सिग्नलला मी गाडी थांबवली आणि विचारलं, "काका, बसता का इकडे?"

त्यांनी खाली पायाकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला.

"सिग्नल सुटला," ते म्हणाले. "चल."