हंसाबेनची बरणी आणि माझा उजवा हात

जुन्या चिनी बरणीची पारख करताना तिच्यात हात घालू नये, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

बाकी सगळं मला येत होतं! म्हणजे मोबाईलवरच्या व्हिडिओंनी शिकवलं होतं. मी सुरतेत, उधन्यातल्या लूमच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे यंत्रमागांची देखभाल करणारा. एकदा तापीकाठच्या एका गल्लीत पाया खोदताना निघालेल्या ढिगाऱ्यात मला निळ्या नक्षीची खापरी सापडली आणि मी कामातून गेलो. (सुनंदाच्या, म्हणजे आमच्या सौ.च्या मते, त्याआधीच गेलो होतो.) सुरत हे एकेकाळचं मोठं बंदर, चीनची भांडी गलबतं भरभरून इथं उतरायची, हे कळल्यापासून मी दिसेल ती कपबशी नखानं वाजवायला लागलो, उलटी करून बूड तपासायला लागलो. साडूच्या घरी बशी उलटी केली, तेव्हा तिच्यात चहा होता!

खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई हंसाबेन राहतात. एका दुपारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांचा मुलगा घरातलं जुनं सामान काढून टाकायला निघाला होता.

"भाई, तमे जाणकार. ही माझ्या सासूच्या सासूची छे. खरंच जुनी असली तर ठेवते, नाहीतर देऊन टाकते."

त्यांनी फडकं बाजूला केलं आणि माझी बोलतीच बंद झाली. (सुनंदा घाबरली. असं सहसा होत नाही.) हातभर उंच, अरुंद तोंडाची बरणी! निळ्या वेलीत दोन पक्षी, आणि पांढरा रंग तरी कसा, जरा निळसर, नितळ. नखानं टिचकी मारली. टण्णऽऽ! नाद विरता विरेना. बुडाची कडा उघडी, बिनझिलईची, तिला भट्टीतली रेती चिकटलेली.

"बेन, आता शेवटची परीक्षा," मी ऐटीत म्हणालो. "मोठ्या बरण्या दोन भाग जोडून करायचे. सांधा आतून हाताला लागतो."

बोटं मिटून, जोर लावून हात आत घातला. सांधा लागला! आणि सांध्याला लागून कुणीतरी ओली माती दाबल्याचे खळगे. एका खळग्यात माझं बोट अलगद, नेमकं बसलं. अंगावर सर्रकन काटा आला.

"सुनंदा, इथं माणसाची बोटं आहेत!"

"कोनाची? अगंबाई! बाहेर काढा ना जी हात!"

काढायला गेलो. हात येईना!

साबण झाला. खोबरेल तेल झालं. ओढाताणीत हात सुजला. शेजारचे नंदूभाऊ मदतीला आले ते थेट हातोडा घेऊन.

"फोडी नाखो!" हंसाबेन म्हणाल्या. "माणसाच्या हातापेक्षा बरणी मोठी छे का?" म्हणाल्या खऱ्या, पण पदरानं डोळे झाकून घेतले.

मी बरणीला मिठीच मारली. "खबरदार! हात तोडा, पण बरणीला हात लावू नका!"

"अन् मग लूम काय पायानं चालवणार?" सुनंदा कडाडली. मग तिनं माझं सुजलेलं मनगट निरखलं. "थांबा. अंगठी अडकली की हात वर धरतात, सूज उतरते. तसंच करू."

हिंडोळ्याची, म्हणजे झोपाळ्याची, फळी काढून मला तिथं आडवं केलं. बरणी उलटी करून, हंसाबेनच्या साडीत बांधून हिंडोळ्याच्या कडीला टांगली, तिच्यात अडकलेला माझा हात ताठ वर. हातोडा ठेवून नंदूभाऊंनी बरणी धरली. दारात सगळी गल्ली! पडल्या पडल्या मी त्यांना सांगू लागलो. कुठला कोण कुंभार, नाव ना गाव. त्यानं ओल्या मातीवर बोट दाबलं. ती माती भट्टीतून निघाली, समुद्रावरून आली, कितीदा घरं बदलली असतील, आणि त्या बोटाच्या जागी आज माझं बोट.

दारातली गर्दी एकेक पाऊल आत सरकली.

नंदूभाऊंनी हळूच विचारलं, "म्हणजे त्या माणसाचं बोट अजून आतच आहे?"

"बोट नाही हो, खूण!"

एवढ्यात तेलाचा थेंब डोळ्यात पडला, मी दचकलो आणि हात सुळ्ळकन बाहेर!

माझ्या हाताकडे कुणी बघेल तर शपथ. जो तो मोबाईलची बॅटरी लावून बरणीत डोकावत होता, आणि डोकावून झालं की आवाज खाली आणून बोलत होता. हंसाबेननी बरणी मांडीवर घेतली. "हवे आ घरमांथी क्यांय नहीं जाय." बरणी आता या घरातून कुठंही जायची नव्हती. मुलगा हो म्हणाला. न म्हणून करतो काय!

माझं नाव मात्र सर्वदूर पसरलं. परवाच उधन्याजवळच्या भेस्तानहून फोन आला, "मास्तर, ताबडतोब या, हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही!" इस्त्रीचा शर्ट चढवला, भिंग घेतलं, रिक्षानं पोचलो. दारातली गर्दी अदबीनं दुभंगली. "सरका, सरका, जाणकार आले!"

आत यजमानांचे जावई पितळी कळशीत हात अडकवून बसले होते.