चार माणसांतली फारकत

नांदेडात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी कधी बसत नाहीत. दाराला टेकून बोलतात आणि नवऱ्याची हाक आली की वाक्य अर्धं टाकून "आले ओ!" म्हणत पळतात.

मी वकिलाकडे टायपिंग करते, म्हणून परवा नणंदेचं विचारत होत्या.

"वकील धरायच्या आधी समजून घ्यावं म्हणलं. चार माणसांत बसून फारकत केली तर भागतंय न्हवं?"

"नाही वहिनी. कोर्ट असली फारकत सहसा ग्राह्य धरत नाही. लग्न तसंच राहतं."

वहिनी उंबऱ्यावर बसल्या.

"आन् तेवढ्यावर एखादीनं दुसरं लग्न केलं असंल तर?"

मला उत्तर ठाऊक होतं. मी पाणी पुढे केलं.

वरून हाक आली. वहिनींनी ओ दिली नाही.