परशुराम केणेची पसंती

परशुराम केणे हट्टी आहे, असं ठाकुर्लीच्या जुन्या गावठाणात कुणी कुणाला सांगत बसत नाही. सूर्य उगवतो हे कुणी सांगतं का? भाताची शेतं बिल्डरला देताना या बहाद्दराने सही करायच्या आधी बांधावरचं जांभळाचं झाड वाचवून घेतलं. ते झाड आजही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभं आहे, आणि दर मे महिन्यात गाड्या जांभळ्या झाल्या की अख्खी सोसायटी परशुरामच्या नावाने खडे फोडते. तो गॅलरीत उभा राहून ऐकतो आणि खूश होतो.

खूश होत असे, म्हणायला हवं. मागच्या वर्षीपासून तो कशानेच खूश होत नाही.

केतन, त्याचा एकुलता एक मुलगा, भर उन्हात टिटवाळ्याहून मोटरसायकलने घरी येत होता. उन्हाचा कहर, म्हणून साहेब अर्ध्या चड्डीवर निघालेले. डोक्याला हेल्मेट होतं, त्याच्यावर साधा ओरखडाही नाही. गाडी रेतीवरून घसरली आणि पाय गुडघ्यापासून खाली डांबरावर घासत गेला. एवढंच. लोक म्हणाले, देवाची कृपा, पायावर निभावलं. परशुरामही तेच म्हणत सगळ्यांना चहा पाजत होता. पण जखम चिघळली, विष अंगात भिनलं, आणि इस्पितळात नर्सची थट्टा करत गेलेला पोरगा तिथून चालत बाहेर आला नाही. पायावर निभावलं म्हणे! त्या दिवसापासून ‘निभावलं’ हा शब्द कुणी काढला की परशुराम उठून जातो.

ती गाडी त्याने घरात ठेवली नाही. ‘माझ्या डोळ्यासमोर नको’ म्हणाला आणि सुनेच्या माहेरी, टिटवाळ्याला, तिचा भाऊ संदेश याच्याकडे पाठवून दिली.

सून म्हणजे प्राप्ती. तिशीसुद्धा गाठलेली नाही. लग्नाआधी ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. घरात भाड्याचा पैसा येत होता, कशाला कमी नव्हती, पण रिकाम्या खोलीत बसून पोरीला वेड लागायची पाळी आली होती. होळीच्या महिनाभर आधी एके सकाळी ती सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या गावातल्या सगळ्या सुनांसारखी तीही सासऱ्याला मामाच म्हणायची.

“मामा, मी परत लॅबमध्ये जातेय. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम आहे, कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत. केतनची गाडी मी चालवणार.”

गाडी तिला चालवता येत होती. केतननेच शिकवलेली, मैदानात फेऱ्या मारून.

परशुरामने दाराकडे पाहिलं. नाही म्हणावं, तर दारात त्याची बायको गोदा उभी. ती आधीच म्हणून चुकली होती, “सून हाय ती, कोंबरी नाय कोंडून ठेवायला.” तोंडावर नाही म्हणायची सोय नव्हती. मग हट्टी माणूस करतो तेच त्याने केलं, आडून गेला.

“चालव,” तो म्हणाला. “पण उन्हाळा तोंडावर हाय. पायाला ती पॅडवाली पॅन्ट पायजे, मोटरसायकलवाले घालतात ती. आणि पॅन्ट मी निवडणार. तोवर गाडीला हात लावायचा नाय. तोवर लॅबमधी काउंटरवर बस.”

“चालेल,” प्राप्ती म्हणाली.

परशुरामच्या जिवात जीव आला. कारण त्याने तिथल्या तिथे मनाशी ठरवून टाकलं होतं, की त्याला पसंत पडेल अशी पॅन्ट या जगात सापडणारच नाही.

आणि मग सुरू झाली ती खरेदी! कल्याण झालं, डोंबिवली झालं, ठाण्यातली दुकानं झाली. प्राप्तीच्या मापाची टेप खिशात घालून म्हातारा निघायचा. हो, टेपच. पोरीला बरोबर न्यायचं नाव नाही. दुकानदार बिचारे उत्साहाने ढीग मांडायचे आणि परशुराम एकेक उचलून बाजूला सारायचा. चामड्याची दाखवली, तर म्हणे, यात माणूस उकडून निघेल, सिग्नलला चक्कर येऊन पडेल. जाड कापडाची, आतून पावसाळी अस्तर लावलेली दाखवली, तर म्हणे, ही लडाखला घेऊन जा. जाळीची, वारा आरपार जाणारी दाखवली, तर तीत बोट घालून विचारायचा, ही रस्त्याला घासली तर काय उरेल? आतून मजबूत अस्तर लावलेली जीन्स दाखवली, तर म्हणे, घामाने पायाला चिकटेल, पोरीला पाय उचलता येणार नाही. थंड असेल ती फाटणारी, न फाटणारी असेल ती भाजणारी. प्रत्येक आक्षेप खरा होता, हीच तर गंमत! खोटं बोलला असता तर कुणीतरी पकडला असता.

एक जाळीची पॅन्ट मात्र तो विकत घेऊन आला. गोदाला वाटलं, सुटलो. पण दुपारी या बाबाने त्या पॅन्टचे पाय खालून सुतळीने बांधले, आत रेती भरली, कमरेला दोर लावला आणि शेजारच्या दगडूच्या टेम्पोला मागे बांधली. दगडू नको नको म्हणत होता. परशुराम ऐकतोय होय! टेम्पो निघाला आणि भर दुपारी गावठाणाच्या सिमेंटच्या रस्त्यावरून दोन पाय फरफटत गेले. वर धड नाही, डोकं नाही, नुसते भरलेले पाय, उड्या मारत, आपटत. नळावरच्या बायका किंचाळल्या. एकीने पोराचे डोळे झाकले. वळणावर मांडीची शिवण उसवली आणि रेती धो धो रस्त्यावर सांडली.

“बगितलंस?” परशुराम गोदाला म्हणाला. “बगितलंस ना?”

गोदाने बघितलं होतं. ती घरात गेली, दार लावून घेतलं आणि बराच वेळ उघडलं नाही. उघडलं तेव्हा डोळे सुजलेले. “माणसाचे पाय असे रस्त्यावर ओढायचे असतात काय?” ती म्हणाली. “कुनाचं वाईट चिंतताय तुमी?” त्या दिवसानंतर गावातल्या बायका परशुरामला बघून पदर सावरून बाजूने जायला लागल्या. अपशकुन केला म्हणाल्या. त्याला त्याचं काही नव्हतं. पॅन्ट फाटली होती, म्हणजे आणखी थोडे दिवस मिळाले होते.

मधे होळी झाली, पाडवा झाला. ऊन असं तापलं की दुपारी रस्त्यावरची कुत्रीसुद्धा गाड्यांखालून निघेनात. प्राप्ती सकाळी अंधारात लोकलने जायची, संध्याकाळी यायची. परशुराम तिला रोज न्याहाळायचा. पोरगी काळवंडत चालली होती. मनगटापासून बोटांपर्यंत तर पार करपलेली.

“लॅबमध्ये एसी हाय ना गं?”

“आहे ना मामा.”

संदेश एकदा भेटायला आला आणि परशुरामशी बोलताना सारखा जमिनीकडे बघत राहिला. गाडीची चौकशी केली तर म्हणाला, “आहे, झाकून ठेवलीय,” आणि चहा अर्धा टाकून उठला. आणि अलीकडे प्राप्ती जेवायला खाली बसेनाशी झाली. खुर्चीवर बसायची, एक पाय सरळ लांब ठेवून. थकत असेल, उभं राहून काम करते, असं परशुरामने मनाला सांगितलं. मनाला काय, सांगावं ते ऐकतं. पण रात्री कूस बदलताना छातीत कसंतरी व्हायचं. कशाचं, ते कळायचं नाही. केतनच्या वेळीही असंच व्हायचं, इस्पितळात सगळे हसत असताना. तो पंखा वाढवायचा आणि पडून राहायचा.

शेवटी ठाण्याला कोलशेतच्या बाजूला एका दुकानात त्याचं नशीब आडवं आलं. तिथे करिश्मा नावाची मुलगी मालाची माहिती द्यायची. तिने एक पॅन्ट समोर ठेवली. मांडीला पुढून आणि पोटरीला मागून जाळी, वारा खेळायला. गुडघा, खुबा आणि बूड, म्हणजे माणूस जिथे घासतो तिथे, जाड विणीचं कापड. शिवण तिहेरी. पॅड वरखाली सरकवून बसवायची सोय. परशुरामने उलटी केली, सुलटी केली, शिवणीवर नख ओढलं, अस्तर गालाला लावून बघितलं. दोष सापडेना. कपाळाला घाम आला.

“पण हिचं पॅड सरकत असेल,” तो म्हणाला.

“सरकू शकतं ना काका,” करिश्मा म्हणाली. “उभं राहून बरोबर वाटतं, गाडीवर बसलं की वर जातं. म्हणून तर घालणाऱ्याला इथे स्टँडवरच्या गाडीवर बसवून बघतो आपण. त्या मॅडमना घेऊन या. इतक्या दुकानांत फिरलात म्हणता, मग त्या कधी आल्याच नाहीत का?”

परशुरामने पॅन्ट घडी घालून परत दिली. परतीच्या वाटेवर त्याला एक चोर विचार सुचला. नेऊ या पोरीला. पॅड सरकलं, गुडघा उघडा पडला, की तीच म्हणेल नको म्हणून.

प्राप्ती यायला तयार नव्हती. “माप दिलंय ना मामा, तुम्हीच घेऊन या,” असं तीनदा म्हणाली. आजवर कधी तिने आढेवेढे घेतले नव्हते. पण परशुराम ऐकतो तर! रविवारी दुपारी दोघं कोलशेतला गेली.

प्राप्ती पॅन्ट घेऊन कपडे बदलायच्या खोलीत गेली, ती बाहेर येईना. परशुराम स्टुलावर बसून राहिला. करिश्माने दारावर टकटक केली, मग हळूच आत गेली. आतून कुजबुज ऐकू आली. करिश्मा बाहेर आली तेव्हा पॅन्ट तिच्या हातात होती आणि चेहरा उतरलेला होता.

“काका, पॅन्ट बसते त्यांना. पण आत्ता घालता नाही येणार. गुडघ्याखाली जखम आहे, ओली आहे अजून. पॅड बरोबर तिच्यावरच येतं.”

अस्तराला लालसर पिवळा डाग पडला होता.

प्राप्ती दार ढकलून बाहेर आली. लेगिंग वर गुंडाळलेलं, पट्टी सुटलेली. डावा पाय की उजवा, हेही परशुरामला आधी कळेना. त्याला फक्त जखमेच्या कडा दिसत होत्या. लाल, तकतकीत, फुगलेल्या. असा रंग त्याने एकदाच बघितला होता.

“कधी पडलीस?”

“मागच्या बुधवारी. शहाडच्या पुढे.”

“कशावरून?”

तिने सुटलेली पट्टी गोळा केली. मग म्हणाली, “गाडीवरून. होळीपासून चालवतेय, मामा. टिटवाळ्याला उतरते, संदेशकडून घेते, संध्याकाळी परत ठेवते.”

“पायात काय होतं?”

“हेच,” तिने गुंडाळलेलं लेगिंग चिमटीत धरून दाखवलं.

“अगं, मला सांगायचंस ना!” परशुराम ओरडला. दुकानातले लोक बघायला लागले. “एका शब्दाने सांगायचंस!”

“सांगितलं असतं तर तुम्ही आणखी दहा पॅन्टी नापसंत केल्या असत्या.” तिच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. “मला काय कळत नव्हतं का मामा, तुम्ही काय करताय ते? मी म्हटलं, करू दे, त्यांचा जीव रमतोय. पण पहिल्या महिन्यात तुम्ही कुठलीही आणली असतीत ना, कुठलीही, तरी मी मुकाट घातली असती.”

कुठलीही. परशुरामच्या डोळ्यापुढे ते सगळे ढीग आले. भाजणाऱ्या, चिकटणाऱ्या, फाटणाऱ्या. त्या लेगिंगपेक्षा पातळ अशी त्यांत एकही नव्हती.

त्याने पैसे दिले, पिशवी घेतली आणि पोरीला तिथूनच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. कडा लाल आहेत, दोन दिवसांनी दाखवा, म्हणाले. घट्ट, जाड काही घालायचं नाही, वारा लागू द्या, आणि जमेल तेवढा आराम. आणि ताप आला तर थांबू नका, लगेच या. शेवटचं वाक्य परशुरामने मागेही ऐकलं होतं, ते ऐकून थांबलाही नव्हता, आणि तरी उपयोग झाला नव्हता.

घरी आल्यावर त्याने स्वतःच संदेशला फोन केला. “गाडी इकडे आणून सोड. लपून चालवण्यापेक्षा माझ्यासमोर चालवू दे.” त्याला वाटलं होतं, गाडी दारात असली की निदान राखण तरी करता येईल. जखम भरेपर्यंत पोरगी बसेल घरी. तेवढी समज आहे तिला.

संदेशने रात्री नाक्यावरच गाडी बंद केली आणि ढकलत आणून दारात लावली. सकाळी सहाच्या आधी प्राप्ती तयार होऊन खाली आली. पायात सैल सुती सलवार, खाली पांढरी पट्टी.

“आज नको जाऊस,” परशुराम म्हणाला.

“बदली माणूस मिळाला नाही मामा. दोन म्हातारी माणसं उपाशीपोटी बसलीत माझ्यासाठी, साखर तपासायचीय.”

“रिक्षाने जा. नायतर मी येतो मागे बसून.”

ती पहिल्यांदाच हसली. “तुम्ही मागे बसलात तर मला गाडीच चालवता येणार नाही.”

परशुरामला फाटकात आडवं उभं राहता आलं असतं. आयुष्यभर तो असाच आडवा उभा राहत आला होता. पण आज कुठल्या तोंडाने? पॅन्ट घाल, असंही म्हणायची सोय उरली नव्हती. ती त्याच्या हातावर होती, घडी घातलेली, लेबलासकट, सगळ्या शिवणी शाबूत. त्याने फाटक उघडलं.

गाडी सुरू झाली. वर्षभरात न ऐकलेला तो आवाज ऐकून गोदा धावत ओट्यावर आली.

“येते, मामा,” प्राप्ती म्हणाली.

यावर ‘ये’ म्हणायचं असतं. जाणाऱ्याला तेवढंच तर द्यायचं असतं घरच्यांनी. परशुरामने तोंड उघडलं, पण पॅन्ट छातीशी धरून नुसता बघत राहिला. त्याची नजर तिच्या सलवारीवर होती. गाडी निघताच वाऱ्याने ती उडाली आणि पट्टी दिसली. पट्टीच्या मधोमध ओला डाग उमटायला लागला होता.

“अवो, ये म्हना ना तिला!” गोदा मागून ओरडली. “ये म्हना!”

“ये,” परशुराम म्हणाला. गाडी तोवर नाक्यावरून वळली होती.