गोलघुमटातली हाक

सुलभाच्या ऑफिसच्या कामासाठी आम्ही विजापूरला आलो. म्हणजे ती कामाला आली आणि मी तिच्या बॅगेसोबत आलो. सकाळी नऊला तिला न्यायला गाडी आली. "तुम्ही गोलघुमट बघून या, उन्हात फिरू नका," असं एखाद्या मुलाला बागेत सोडावं तसं सांगून ती गेली.

गुडघ्यांची समजूत काढत मी घुमटाच्या सज्ज्यापर्यंत चढलो. तिथे एकाने भिंतीशी कुजबुजायचं आणि दुसऱ्याने पार समोरच्या बाजूला भिंतीला कान लावायचा, अशी रीत आहे. सगळे जोडीने आलेले. मी एकट्यानेच कान लावला.

"अहो, ऐकू येतंय का?" बाईचा आवाज अगदी कानाशी आला.

"येतंय," मी बोलून गेलो.

"मग घरी काय होतं हो तुम्हाला?"

समोर हिरव्या साडीतल्या एक बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचे यजमान अजून वळसा घालून धापा टाकत माझ्याकडे येत होते. मी घाईने बाजूला झालो.

"काही म्हणाली का ती?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या ऐकण्याबद्दल बोलत होत्या."

"म्हणजे इथंही तेच!" म्हणत त्यांनी हसून भिंतीला कान लावला.

मी जिन्याच्या पायरीवर येऊन बसलो. सुलभा स्वयंपाकघरातून हाक मारते तेव्हा मी पेपरात असतो. तिला तीनतीनदा बोलवावं लागतं. इथे मात्र पहिल्याच हाकेला मी ओ दिली, कारण सकाळी सुलभा कामाला गेल्यापासून मला कुणी 'अहो' म्हटलं नव्हतं.